कडेचा हात

१

फिल्म मशीनवर चढवायच्या आधी मी तिचा वास घेते. डबी उघडायची आणि नाक जवळ न्यायचं. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला की समजायचं, ही कुजायला लागली आहे, हिला आधी उरकायचं. वास नसला तर ती थांबू शकते. हे ऐकून लोक नाक मुरडतात. मीही सुरुवातीला मुरडत होते.

काम सांगायला सोपं आहे. एक वर्तमानपत्र होतं, ते बंद पडलं. त्याच्या जुन्या अंकांचा कागद हातात घेतला की तुटायचा, म्हणून कोणे एके काळी त्यांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवले होते, अरुंद पट्टीसारख्या फिल्मवर, नखाएवढे. आता त्या फिल्मवरून संगणकात ठेवायच्या फायली करायच्या. इमारत विकली गेली होती आणि तळघर रिकामं करून द्यायचं होतं, त्यामुळे ज्या रिळाचं काम झालं ते दाराशी ठेवलेल्या निळ्या पिंपात जायचं. पिंप भरलं की गाडी यायची. फिल्ममधली चांदी काढून घेतात म्हणे आणि उरलेलं जाळून टाकतात.

तळघरात दोन टेबलं, दोन मशीनं, आणि वर रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी. तिच्यावर काळा पडदा. पडद्याच्या फटीतून दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे. एका टेबलावर मी आणि दुसऱ्यावर वादळ. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती पायऱ्या उतरताना जो आवाज होतो त्यावरून मीच तिला वादळ म्हणायला लागले आणि तिलाही ते आवडलं. मनानं फार चांगली बाई. कुणाचं काम अडलेलं तिला बघवत नाही, लगेच पदर खोचून पुढे. हे मी आज सरळ मनानं लिहू शकते आहे, याचं मलाच नवल वाटतं.

रीळ चढवलं की मशीन ते टिकटिक करत पुढे ओढतं आणि पडद्यावर पानं येत राहतात. सुरुवातीची काही पानं मी डोळ्यांनी बघते आणि कडा ठरवून देते. कडा म्हणजे पानाच्या भोवतालचं सगळं: टेबलाचं लाकूड, अंकांच्या फायलीची शिवण, कुठे पडलेली पेन्सिल. गिऱ्हाइकाला नुसतं पान हवं असतं. एकदा कडा ठरवून दिल्या की मशीन सगळ्या रिळाच्या कडा आपोआप छाटतं आणि स्वच्छ पानं साठवतं. छाटलेलं कुठेही राहत नाही.

आणखी एक गोष्ट. या फिल्म माझ्या वडिलांनी काढलेल्या होत्या, ह्याच तळघरात. म्हणूनच मी हे काम घेतलं. बाबा माझ्याकडेच राहतात. संध्याकाळी घरी गेले की ते विचारत, "आज कुठलं साल?" मी साल सांगितलं की मान डोलावत, जणू त्या सालाशी त्यांची चांगली ओळख होती.

२

त्या दिवशी नवीन रीळ लावलं, कडा ठरवायला पहिली पानं बघत होते, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन बोटांची टोकं दिसली. पान दाबून धरल्यासारखी. मला हसूच आलं. बाबांचा स्वभाव म्हणजे कामात नाकावर माशी बसू देणार नाहीत, आणि इथे खुद्द त्यांचंच बोट. वादळाला बोलावून दाखवलं. "पकडलं की गं म्हाताऱ्याला," ती म्हणाली. मी नेहमीसारख्या कडा आत घेतल्या, बोटं गेली, रीळ चालू केलं.

घरी गेल्यावर चहा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाबा, आज तुम्हाला रंगेहाथ पकडलं."

"मला? मी काय केलं बुवा?"

"पानावर बोटं आलीत तुमची. दोन."

कप ओठाशी नेता नेता थांबला. "माझी येणं शक्य नाही."

"आलीत ना पण. मी बघितली."

"अगं, काच होती माझ्याकडे. पान पसरायचं, वरून काच पाडायची, दोन्ही हात मांडीवर घ्यायचे, मग फोटो. बोटंच दाखवायची असती तर जादूगार झालो असतो, पोट तरी सुटलं असतं."

"मग दुसऱ्या कुणाची असतील."

"त्या खोलीत दुसरं कुणी नसायचं." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि चहा प्यायले. मग थोड्या वेळानं, कपाकडेच बघत, "कुठल्या कोपऱ्यात म्हणालीस?"

"खालच्या, उजव्या."

त्यांनी उजवा हात उचलून उलटासुलटा करून पाहिला. मी हसले आणि भाजी चिरायला गेले.

३

दुसऱ्या दिवशी तेच रीळ मधूनच पुन्हा तपासावं लागलं, एका ठिकाणी फिल्म घसरली होती. मशीनवर कडांसकट पूर्ण फ्रेम आली आणि मी बघतच राहिले. आता दोन नाही, चार बोटं होती. करंगळी शेवटच्या पेरात बाहेरच्या बाजूला वळलेली.

बाबांची करंगळी गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून मोडली. नीट बसली नाही, तशीच वाकडी जुळली. गेल्या वर्षी. आणि फिल्म काढली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते.

माझं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. वाकडी करंगळी जगात काय एकाच माणसाला असते? बाबांना मदतनीस असेल, विसरले असतील. म्हातारपणी माणसं आपल्या कामातून दुसऱ्यांना बेमालूम वगळतात. मी भिंग घेतलं आणि सरळ फिल्मच उजेडासमोर धरली. फिल्मवर सगळं उलटं असतं, कागद काळा आणि अक्षरं पांढरी. हाताच्या पाठीवर एक चौकोनी पट्टी दिसत होती, सुईच्या जागी लावतात तशी. बाबांना आदल्याच आठवड्यात दवाखान्यात सलाईन लावलं होतं. पट्टी मीच घरी आल्यावर कोमट पाण्यानं सोडवली होती, केस ओढले जाऊ नयेत म्हणून.

मी फिल्म खाली ठेवली. खिडकीबाहेर कुणाचे तरी बूट थांबले आणि पुढे गेले.

"काय गं?" वादळानं विचारलं.

"काही नाही. ओरखडा आहे."

मग मी ते केलं जे रोज करते. कडा आत घेतल्या, थोड्या जास्तच घेतल्या, आणि बटण दाबलं. मशीनची टिकटिक सुरू झाली. बोटं पानापानानं निघून गेली. संध्याकाळी रीळ पिंपात टाकलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

घरी मावशी दारातच उभ्या होत्या. त्या दिवसभर बाबांजवळ असतात. म्हणाल्या, "आज तीनदा कप सुटला हातातून. बोटांना काही लागतच नाही म्हणतात." आत बाबा सदऱ्याच्या बटणाशी झटत होते. बोटं बटणावर होती, पण बटण आहे हे बोटांना कळत नव्हतं.

४

डॉक्टरांनी टाचणीनं टोचून पाहिलं. वय, रक्तपुरवठा, नसा. तीन शब्दांत त्यांनी बाबांची बोटं निकालात काढली आणि गोळ्या लिहून दिल्या. मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं म्हणून लगेच पटलं.

पुढच्या रिळाला आंबट वास होता, म्हणजे थांबायला सवड नव्हती. सुरुवातीची पानं स्वच्छ. मी निःश्वास सोडला. मग कोपऱ्यात बोटं आली, मग पंजा, आणि जसजशी पानं पुढे गेली तसतसं मनगट. इतकं सावकाश की दोन लागोपाठच्या पानांत फरक सांगता आला नसता. पुढची फ्रेम आणि बरीच मागची फ्रेम शेजारी शेजारी ठेवली तरच कळत होतं की हात पुढे येतो आहे. तो काही दाखवत नव्हता, काही मागत नव्हता. घरी आलेला माणूस सवयीनं टेबलावर हात टेकतो, तसा टेकला होता.

तेव्हा मी थांबायला हवं होतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं म्हणजे काय करायचं? काम देणाऱ्या साहेबांना फोन करून सांगायचं, की कडा छाटता येत नाहीत, कारण कडेला माझ्या वडिलांचा आजचा हात आहे? मी स्वतःशीच म्हटलं, तू थकली आहेस, तुझ्या डोक्यात आजारपण बसलंय, म्हणून तुला सगळीकडे तोच हात दिसतो. काम करणाऱ्या बायकांना हे वाक्य स्वतःला ऐकवायची चांगली सवय असते. मी कडा मनगटाच्याही आत घेतल्या. प्रत्येक पानाची एक ओळ त्यात कापली गेली असेल, पण ती कोण वाचणार होतं.

त्या संध्याकाळी बाबा खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर. मी आत आले तर त्यांनी हळूच विचारलं, "हा कुणाचा हात ठेवलाय गं माझ्यावर?"

"तुमचाच आहे, बाबा."

"नाही. जड आहे. उचल बरं."

मी त्यांचा हात उचलून माझ्या हातात घेतला. ऊबदार होता. वाकडी करंगळी माझ्या तळव्याला लागत होती. बाबा त्या हाताकडे परक्याच्या सामानाकडे बघावं तसे बघत होते आणि मला फार फार रडू आलं.

५

सुटीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मावशी घरी गेल्या होत्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे बडवत होतं. असल्या गोष्टी बोलायला इतकी साधी दुपार मिळेल असं वाटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही दुपारी डोळे मिटून बसता, तेव्हा झोपलेले असता ना?"

"झोप कसली. कामावर असतो."

"कुठे?"

"खाली. आपल्या खोलीत." त्यांचा चेहरा उजळला. "सगळं तिथल्या तिथं आहे गं. काच आहे, फायली लावून ठेवल्यात. कुणी हाक मारत नाही. पान पसरायचं, काढायचं, उलटायचं. मला तेवढं बरं पुन्हा कुठे वाटलंच नाही."

मला लागलं. इतकी वर्षं मी त्यांचं करते आहे, त्यांच्या औषधांच्या वेळा माझ्या अंगात भिनल्या आहेत, आणि बरं वाटलं ते त्या तळघरात. माणूस अशा वेळीही हिशेब करतो, याची आता लाज वाटते.

"आधी बोटं पोचली," ते म्हणाले. "पानावर टेकली तेव्हा कागद लागला बोटांना. मला किती आनंद झाला सांगू. आणि मग गेली. परत आली नाहीत, आणि तिथेही राहिली नाहीत. मग पंजा पोचला. तोही तसाच. कुणीतरी मधेच तोडतंय."

"मी तोडते, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. "असू दे. तुला कुठे माहीत होतं."

दुसऱ्यांदा छाटताना मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही.

"आता एवढं कर," ते म्हणाले, "कडा राहू दे. सगळी फ्रेम राहू दे, जशी आहे तशी. मी पुरता पोचलो की झालं. हात नसला एक तरी चालेल, डाव्यानं उलटीन पानं."

"आणि मग इथे?"

"इथे काय? इथलं झालं की आता. किती दिवस पुरणार मी तुला?"

"असं बोलू नका."

"बरं, नाही बोलत." मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला. "पण कडा ठेव हं."

मी हो म्हटलं.

६

बाबांच्या रिळांपैकी आता शेवटचं उरलं होतं. सकाळी मी मशीनला सांगून कडांची छाटणी बंद केली. वादळ तिच्या मशीनवर गाणं गुणगुणत होती. मी रीळ चढवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

पहिली पानं नुसती पानं होती. मग डाव्या बाजूनं हात आला, शाबूत, पाचही बोटं असलेला. उजव्या बाजूनं एक बाही आली. तिच्या पुढे काही नव्हतं, कापड मनगटापाशी चपटं पडलेलं होतं. पण बाही पुढे सरकत होती, कोपर आला, खांदा आला, सदरा बाबांनी आज घातलेलाच होता, खिशाला मी घातलेला टाका दिसत होता. अक्षरांवर सावली पडायला लागली. कॅमेरा वरून बघत असतो, त्यामुळे मग डोकं आलं ते वरून आलं, पानावर वाकलेलं. विरळ केस, मधे टक्कल, त्यावर तो तीळ. मी दर रविवारी त्या टकलाला तेल लावते. मला हात पुढे करून ते पुसावंसं वाटलं.

बाबा पानावर वाकून काही वाचत होते. फ्रेमनंतर फ्रेम ते तसेच. टिकटिक, टिकटिक. मग मला वाटलं की डोक्याचा कोन बदलला. टक्कल थोडं मागे गेलं होतं. पुढच्या फ्रेममध्ये आणखी थोडं. कपाळाची वरची कड दिसायला लागली.

बाबा मान वर करत होते.

कपाळावरच्या आठ्या आल्या. भुवया आल्या. चष्म्याच्या काचेची एक चमकती रेघ आली. आणखी दोन फ्रेम, तीन फ्रेम, आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं असतं.

मी मशीन बंद केलं.

भीती वाटली, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मला एकदम असं वाटलं, की यांनी वर बघितलं की संपलं, यांचं इथलं संपलं, आणि घरी गेल्यावर खुर्ची तेवढी असेल. मला ते नको होतं. आणखी थोडे दिवस तरी नको होतं. तळघरात बरं वाटत असेल त्यांना, पण माझं काय?

रीळ तसंच मशीनवर ठेवून मी भर दुपारी घरी पळाले.

बाबा खुर्चीत होते. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. त्यांची मान अर्धवट वर उचललेली होती, कुणीतरी हाक मारल्यावर माणूस वर बघायला लागतो तशी, आणि तिथेच थांबली होती. मावशी त्यांच्या मानेला हात लावून उभ्या होत्या. "मघापासून असेच बसलेत. खाली होईना नि वर होईना. दुखत नाही म्हणतात."

मी खाली वाकून त्यांच्या नजरेत आले.

"थांबवलंस?" बाबांनी विचारलं.

"मशीन बंद पडलं, बाबा."

"हो का," ते म्हणाले. माझं खोटं त्यांना मी लहान असल्यापासून ओळखता येतं. "उद्या लाव मग. असं अर्ध्यात फार अवघडतं गं."

"लावते."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

आणि मी खरंच लावणार होते. मी रात्रभर त्यांच्या उशाशी बसून मनाची तयारी केली. पहाटे मला वाटलं, जमेल.

७

सकाळी त्यांना श्वास लागला. मी डॉक्टरांना बोलावलं आणि वादळाला फोन केला, की मला उशीर होईल. "ये सावकाश, इथलं मी बघते," ती म्हणाली. माझ्या मशीनला हात लावू नकोस, एवढंच बोलायचं होतं. बोलले असते तर तिनं हसून बरं म्हटलं असतं. पण डॉक्टर जिना चढत होते, आणि मी फोन ठेवला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, श्वास लागायचा थांबला. बाबांना उशांना टेकवून मी निघाले. तळघराच्या पायऱ्या उतरताना निळं पिंप दिसलं, रिकामं, नुकतं धुतल्यासारखं. मी माझ्या मशीनकडे बघितलं. त्यावर रीळ नव्हतं.

"आलीस?" वादळ उठून माझ्याकडे आली. "बाबा कसे आहेत? तुझं रीळ मी उरकलं बघ. शेवटचंच तर होतं. म्हटलं, बिचारी आधीच अर्धी झालीय, तिला कशाला त्रास."

"कडा?"

"छाटल्या की. तू छाटणी बंद करून ठेवली होतीस, विसरलीस वाटतं. मी पहिल्यापासून पुन्हा घेतलं सगळं."

"शेवटच्या फ्रेम?"

"त्या कोऱ्या निघाल्या. मशीननंच गाळल्या." मी फक्त कडांची छाटणी बंद केली होती. ज्या फ्रेममध्ये एकही अक्षर नाही ती मशीन कोरी समजून टाकून देतं, याचा मला विसर पडला होता. रोज हेच काम करणाऱ्या मला. "आणि फिल्म म्हणशील तर गाडी आली होती सकाळी. दिली."

मी खुर्चीचा हात धरला. "कोऱ्या म्हणजे कशा? नुसत्या पांढऱ्या?"

"नाही गं, पान दिसतच नव्हतं म्हणून कोऱ्या. कुणीतरी पानावर वाकलं होतं. एकात तर म्हातारा चक्क वर बघत होता, कॅमेऱ्यात." ती हसली. "भलतीच खुशीत होती स्वारी. कुणीतरी ओळखीचं भेटावं ना, तसा चेहरा. मी म्हटलं, तुला दाखवायला ठेवावं, पण तोवर गेलं होतं ते." मग माझ्याकडे बघून तिचं हसणं मावळलं. "काय झालं? चुकलं का माझं काही?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं नाही चुकलं."

ते माझ्यासाठी हसले होते. मी समोर असणार अशा भरवशावर त्यांनी मान वर केली होती. आणि मशीनसमोरच्या खुर्चीत मी नव्हते.

घरी पोचले तेव्हा दुपार व्हायची होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाबांच्या गुडघ्यांवर, पलंगाच्या दांड्यावर, पाण्याच्या तांब्यावर. त्यांची मान आता सरळ होती. ते समोर बघत होते.

"आलीस का?" ते म्हणाले. "दिवा का गं मालवलास?"

"बाबा, ऊन आहे. खिडकी उघडी आहे."

"ते दिसतंय. तुझी निळी ओढणी दिसतेय, घड्याळ दिसतंय. इथलं सगळं दिसतंय." त्यांनी हळूहळू मान फिरवून सगळ्या खोलीत पाहिलं. "तिथे अंधार झालाय."

डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम आहेत. बाबा अजून आहेत. जेवतात, विचारलं तर उत्तर देतात, मावशींची थट्टाही करतात कधी कधी. पण बोलता बोलता थांबतात आणि डावा हात हवेत पुढे करून चाचपतात, टेबल कुठे आहे, कड कुठे आहे. मी घरातले सगळे दिवे दिवसासुद्धा लावून ठेवते. त्यानं काही होत नाही हे मला माहीत आहे, तरी लावते.

काल संध्याकाळी मी त्यांचा तो चाचपणारा हात धरला. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. मी थांबवायला नको होतं."

"असू दे," ते म्हणाले. "तू जा, पड जरा. दमली आहेस."

"तुम्ही?"

"माझं काय. मी आहे इथेच."

म्हणजे कुठे, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.